चिखल वाळवू नका

मृदाशास्त्रात एम.एस्सी.ला लोह हा विषय मी आळसापोटी घेतला. घर कोकणात, भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या. म्हटलं, नमुने दारातच मिळतील.

पहिला नमुना श्रावणातल्या भातखाचरातला. निळसर-करडा चिखल आणला, शिकवल्याप्रमाणे कागदावर पसरून वाळवला. चार दिवसांत तो तांबूस झाला, आणि फेरस लोह, म्हणजे पाण्यात विरघळणारं रूप, जवळजवळ शून्य! पाणी तुंबलं की मातीतली हवा संपते. मग काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी फेरिक लोहावर, म्हणजे गंजातल्या न विरघळणाऱ्या रूपावर, श्वसन भागवतात. ते फेरस होऊन पाण्यात विरघळतं. हवा लागली की पुन्हा गंज. मी मोजण्याआधीच सगळं उलटवून ठेवलं होतं. तेव्हा खाचरात डायपिरिडिल या फेरस ओळखणाऱ्या रसायनाची बाटली घेऊनच उतरा. ताज्या ढेकळावर थेंब टाका, फेरस असेल तर जागीच गुलाबी-लाल रंग येतो.

भाताची मुळंही बघा. ती ऑक्सिजन खाली नेतात, म्हणून त्यांच्यावर नारिंगी अस्तर चढतं. बांधाकडेच्या पाण्यावर तेलकट तवंग दिसला तर काडीने टोचून बघा. काचेसारखे तुकडे झाले तर लोहाचा. परत मिटला तर पंपातलं डिझेल.

सड्यावरचा, म्हणजे जांभ्याच्या पठारावरचा, हिशेब निराळा. खडक तोच बेसाल्ट, पण घाटावर त्याची काळी माती होते आणि इथे जांभा. कोकणातला पाऊस सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो. न विरघळणारं लोह आणि अॅल्युमिनियम मागे उरतं. म्हणजे लोह ‘साठलं’ ते बरंचसं बाकीचं निघून गेल्यामुळे. लाल रंग हेमॅटाइटचा, पिवळट-तपकिरी गोथाइटचा. थोडंसं हेमॅटाइटही गोथाइटचा रंग झाकून टाकतं, म्हणून मुन्सेल तक्त्यावरून (मातीचा रंग जुळवायचा तक्ता) दोघांचं प्रमाण ठरवू नका.

प्रयोगशाळेत डायथायोनाइट या रसायनाने बहुतेक सगळे मुक्त (सिलिकेट खनिजांत न अडकलेले) लोह-ऑक्साइड निघतात, अमोनियम ऑक्झलेटने मुख्यतः अस्फटिक. ऑक्झलेटचा फ्लास्क अंधारातच हलवायचा. उजेडात स्फटिकी ऑक्साइडही विरघळू लागतात आणि आकडा फुगतो. मी खिडकीशी बसून आठवडा घालवला आहे.

पुढे माती परीक्षणाच्या नोकरीत गेलात तर ऊस केवडा पडल्याची तक्रार येणारच: नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. चुनखडीच्या काळ्या जमिनीत एकूण लोह भरपूर असतं, पण सामू (pH) 8 च्या आसपास गेला की मुळांना ते मिळत नाही. तिथे एकूण लोहाचा आकडा शेतकऱ्याच्या हातात देऊ नका. डीटीपीए लोह (डीटीपीए या रसायनाने निघणारं, पिकाला मिळू शकणारं लोह) बघा, 4.5 पीपीएमच्या खाली असेल तर कमतरता धरतात.