रायगडावर कमानीतून फोटो काढताना

रायगडावरून आलेल्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये मेघडंबरीचा, म्हणजे सिंहासनाच्या जागेवरच्या छत्रीचा, एकच फोटो असतो: वर पांढरंफटक आकाश आणि खालच्या कोपऱ्यात कुणाची तरी टोपी. तीच मेघडंबरी नगारखान्याच्या, म्हणजे राजसभेच्या प्रवेशद्वाराच्या, कमानीतून टिपून बघा. आकाश झाकलं जातं आणि नजर थेट सिंहासनाच्या जागेवर जाते.

आधी वेळ ठरवा. चौकट काळोखी आणि आतलं दृश्य उजळ, एवढं साधलं की अर्धं काम झालं. राजसभेत सिंहासन पूर्वाभिमुख आहे आणि नगारखाना त्याच्या समोर. म्हणजे सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून येऊन मेघडंबरीवर पडतं, कमानीची आतली बाजू मात्र सावलीत राहते. दुपारनंतर जाल तर ऊन डोळ्यांवर. शिवाय रोपवेची गर्दी वर यायच्या आत पोहोचलेलं बरं. शक्य असेल तर आदल्या रात्री गडावरच मुक्काम करा.

आता कमानीच्या आत न शिरता बाहेरच थांबा आणि मागे मागे जा. ०.५एक्स लेन्सचा मोह टाळा. कमान भव्य दिसते, पण मेघडंबरी काडेपेटीएवढी होते. दहा-पंधरा पावलं मागे जाऊन २एक्स किंवा ३एक्स लावलं की ती कमानीत भरून दिसते. मग गुडघ्यावर बसा. उभ्याने, बसून, अगदी जमिनीलगत असे तीन फोटो काढलेत तर फरक लगेच कळेल. मेघडंबरीचा कळस कमानीच्या कडेला चिकटू देऊ नका, मध्ये थोडी हवा राहू द्या.

स्क्रीनवर मेघडंबरीवर बोट दाबून धरा आणि सूर्याचं चिन्ह जरा खाली ओढा. कमान काळी पडली तर पडू द्या. दगडाचा पोत हवाच असेल तर एचडीआर (उजेड आणि सावली दोन्ही सांभाळणारा कॅमेऱ्यातला मोड) आहे, पण मला काळी कमानच आवडते. ट्रायपॉड नेऊ नका, त्याला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

दुपारी जगदीश्वराकडे जा. इथे गणित उलटं. महाराजांची समाधी मंदिराच्या पूर्व दरवाजाबाहेर आहे, त्यामुळे कललेलं ऊन तिच्यावर पश्चिमेकडून येतं आणि प्रांगणातून बघताना दरवाजा सावलीची चौकट होतो. लोक सतत ये-जा करतात, दोन-तीन मिनिटं थांबावं लागतं. तेवढ्यात ‘सेवेचे ठायी तत्पर’ कोरलेली, गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांची पायरी बघून घ्या.