हत्ती, हरीण आणि मुकुट: स्कॉटिश पलटणीचा टोपीवरचा बॅज कसा पारखावा

ग्लासगोच्या एका पलटणीच्या बॅजवर चक्क हत्ती आहे. तो तिथे कसा पोचला याचं उत्तर आपल्या जालना जिल्ह्यात सापडतं. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचा पराभव केला. त्या दिवशी लढलेल्या ७४ व्या आणि ७८ व्या हायलँड पलटणींना हत्तीचं चिन्ह मिळालं. १८८१ मध्ये ७१ वी आणि ७४ वी पलटण एकत्र करून हायलँड लाइट इन्फंट्री उभी राहिली, तेव्हा हत्ती तिच्याकडे आला. हा बॅज मराठी संग्राहकाला खुणावतो, आणि म्हणूनच त्याच्या नकलेवर पैसे घालवल्याचं दुःखही मोठं असतं. तसं होऊ नये म्हणून पारख कशी करायची ते सांगतो.

आधी पलटण ठरवा

थिसल (स्कॉटलंडचं राष्ट्रचिन्ह असलेलं काटेरी फूल) या नावाच्या मानचिन्हाचा तारा, त्यावर रणशिंग, त्याच्या वळणात पलटणीच्या नावाची आद्याक्षरं, वर मुकुट, खाली असईच्या नावाची पट्टी आणि तिच्याखाली हत्ती, असं सगळं दिसलं तर ती हायलँड लाइट इन्फंट्री. हरणाचं डोकं दिसलं की घाई करू नका. सीफोर्थ आणि गॉर्डन या दोन्ही पलटणींकडे हरीण आहे. खालच्या पट्टीवर ‘राजाला साहाय्य कर’ अशा अर्थाचं गेलिक बोधवाक्य असेल तर सीफोर्थ; हरणाभोवती आयव्ही वेलीच्या पानांची माळ आणि ‘बायडँड’ हा शब्द असेल तर गॉर्डन. क्रूस धरलेला संत अँड्र्यू कॅमेरनच्या बॅजवर थिसलच्या माळेत उभा असतो, तर ब्लॅक वॉचच्या बॅजवर ताऱ्याच्या मध्यभागी. ब्लॅक वॉचच्या बॅजवर खाली स्फिंक्सही असतो, १८०१ च्या इजिप्त मोहिमेची खूण म्हणून. रानडुकराचं डोकं आणि मांजर शेजारी शेजारी असतील तर अर्गाइल अँड सदरलँड. हा बॅज हातात घेतल्यावर त्याच्या आकाराचंच पहिल्यांदा नवल वाटतं.

मग लगेच उलटा करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नक्कल करणारा समोरच्या बाजूवर मेहनत घेतो, मागची बाजू त्याला उघडं पाडते.

शिपायांचे बॅज पितळेच्या किंवा पांढऱ्या धातूच्या पत्र्यावर ठसा ठोकून बनवत. (हा पांढरा धातू म्हणजे आपल्या घरातल्या भांड्यांचं जर्मन सिल्व्हर.) त्यामुळे समोर जे उठून आलेलं असतं, ते मागे खोलगट दिसायला हवं. मागे हत्तीचा खळगा नीट दिसत नसेल, पाठ सपाट किंवा दाणेदार असेल, बारीक छिद्रं असतील, तर तो ओतीव असण्याची शक्यता फार मोठी. भिंगाखाली धार बघा. ठोकलेल्या बॅजमधली मोकळी जागा पत्रा कापून काढलेली असते, तिच्या कडा स्वच्छ असतात. ओतलेल्या नकलेत त्या कडा गोलसर होतात, किंवा ती जागा मुळात मोकळीच नसते. गॉर्डनच्या हरणाभोवती आणि कॅमेरनच्या संताभोवती ही परीक्षा फार चांगली चालते.

आणखी एक खात्रीची युक्ती आहे. अस्सल बॅजवरून साचा घेऊन नक्कल ओतली, तर धातू थंड होताना आकसतो आणि नक्कल मुळापेक्षा किंचित लहान निघते. व्हर्नियर कॅलिपर स्वस्त मिळतो. खात्रीचा नमुना मोजून ठेवा आणि मग ताडून पाहा.

अधिकाऱ्यांचे आणि पायपरांचे (बॅगपाइप वाजवणाऱ्यांचे) चांदीचे बॅज मात्र कधी कधी खरोखरच ओतीव असतात. तिथे सपाट पाठ दिसली म्हणून लगेच नकली ठरवू नका.

मागेच अडकवण्याची सोय असते. टॅम ओ’शँटर किंवा ग्लेनगॅरी टोपीवरच्या मोठ्या बॅजना बहुधा दोन कड्या असतात, त्यातून पिन घालतात. काहींना स्लायडर म्हणजे उभी पट्टी असते. कड्या एका रेषेत आहेत का, झाळण्याचा डाग व्यवस्थित दिलाय की गोळाच बसलाय, स्लायडर बाकीच्या बॅजपेक्षा नवाकोरा दिसतोय का, हे पाहा. तुटलेली कडी नंतर दुरुस्त केलेली असू शकते. त्याने बॅज खोटा ठरत नाही, किंमत कमी होते.

लोहचुंबक लावून बघा. पितळ आणि जर्मन सिल्व्हर चिकटत नाहीत.

तारखा एकमेकींशी जुळवा

मुकुट म्हणजे कालगणनाच. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला मुकुट १९०१ पर्यंतचा. त्यानंतर १९५२ पर्यंत ट्यूडर मुकुट, त्याच्या कमानी घुमटासारख्या वर जातात. १९५३ पासून सेंट एडवर्डचा मुकुट, त्याच्या कमानी मध्यभागी खाली दबतात. आता राजा चार्ल्स यांनी पुन्हा ट्यूडर मुकुट आणलाय, पण तोपर्यंत या जुन्या पलटणी उरल्या नव्हत्या.

सीफोर्थ, गॉर्डन आणि कॅमेरनच्या बॅजवर हा राजमुकुट नसतोच (गॉर्डनच्या हरणाखाली दिसतो तो उमरावाचा), म्हणून तिथे धातू आणि घडण यांवरच भिस्त ठेवावी लागते.

चकाकणारा हलका ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम साधारण १९५० च्या दशकात आला. त्यावर व्हिक्टोरियाचा मुकुट दिसला तर सावध व्हा. पलटणीचा शेवटही लक्षात ठेवा. हायलँड लाइट इन्फंट्री १९५९ मध्ये रॉयल स्कॉट्स फ्युझिलिअर्समध्ये मिसळली, सीफोर्थ आणि कॅमेरन १९६१ मध्ये एकत्र झाले.

चांदीच्या बॅजवर हॉलमार्क असेल तर भिंगाने वाचा. एडिनबरोची खूण किल्ला, बर्मिंगहॅमची जहाजाचा नांगर. एडिनबरोच्या चांदीवर १७५९ पासून १९७५ पर्यंत थिसलचा शिक्काही असे. हॉलमार्कमधलं वर्ष दाखवणारं अक्षर मुकुटाशी जुळत नसेल तर विकणाऱ्याला विचारा.

सर्वात कठीण: जुन्या ठशावरची नवी पैदास

मूळ ठसे हाती लागले की त्यावर पुढेही बॅज ठोकता येतात. पाठ खोलगट, कडा स्वच्छ, माप बरोबर. मग ओळखायचं कसं? ठसा झिजलेला असल्याने हत्तीची सोंड, संताचा चेहरा असे बारीक तपशील मवाळ येतात. गंजलेल्या ठशामुळे पृष्ठभागावर बारीक पुरळ उठतो. पत्रा कधी पातळ असतो. एकाच विक्रेत्याकडे सारखेच, कोरे, दहा-बारा बॅज दिसले तर मी तिथे थांबत नाही. कारखान्याचं नाव कोरलेलं असणं हाही पुरावा नाही, नावाचीही नक्कल होते.

झीज खरी आहे का हे बोटाने कळतं. रोज ब्रासो मारून घासलेल्या बॅजचे उंच भाग गुळगुळीत झालेले असतात आणि खाचांत जुना मळ राहतो. नकली झीज सगळीकडे सारखी, अगदी खाचांतही.

ताडून पाहण्यासाठी

फोर्ट जॉर्जचं हायलँडर्स संग्रहालय, अबर्डीनचं गॉर्डन संग्रहालय, स्टर्लिंग किल्ल्यातलं अर्गाइलचं, पर्थच्या बालहौसी किल्ल्यातलं ब्लॅक वॉचचं आणि एडिनबरो किल्ल्यातलं राष्ट्रीय युद्ध संग्रहालय, ही खात्रीची ठिकाणं. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचा संग्रह ऑनलाइन बघता येतो. इथे बसून विकत घेताना विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागवा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच सोडा.

घरी आणल्यावर चिंच-मीठ लावू नका, पितांबरीही नको. मऊ ब्रशने धूळ झटका, आम्लविरहित कागदात गुंडाळा, आणि कुठून, कधी, केवढ्याला घेतला, माप किती भरलं, हे वहीत त्याच दिवशी लिहा.