ओल्या जंगलात फॉरवर्डर चालवताना चाकोरी सोडू नका

हार्वेस्टरने झाडं पाडून तुकडे करायचे आणि फॉरवर्डरने ते ओंडके रस्त्यापर्यंत आणायचे, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. क्रेन आणि जॉयस्टिकबद्दल काही सांगत नाही, त्या सवयीने हाताला येतात. मला सांगायचंय ते चाकांखालच्या मातीबद्दल. मी तिथे चुकलो आणि ती चूक अजून जमिनीत तशीच आहे.

माझ्या पहिल्या ओल्या हंगामात एक सखल, चिकणमातीचा पट्टा माझ्याकडे आला. तिसऱ्या-चौथ्या खेपेला चर पडायला लागले. वाटलं, याच चरातून परत गेलो तर तो आणखी खोल होईल. म्हणून यंत्र जरा बाजूने काढलं. तिथेही चर दिसायला लागला की आणखी बाजूने. संध्याकाळी पाहिलं तर चार मीटरच्या वाटेची बारा मीटर झाली होती, पण खोल चर कुठेच नव्हता. जमीन वाचवली, असं मला मनापासून वाटलं.

हाच तो सापळा. जरा सविस्तर सांगतो, कारण मला हे वेळेवर कुणी सांगितलं नाही.

माती जेवढी दबायची त्यातली बहुतेक पहिल्या काही खेपांतच दबून जाते. भरलेला मोठा फॉरवर्डर 30 टनांच्याही वर जातो. तो पहिल्यांदा गेला की ज्या मोठ्या पोकळ्यांतून हवा आणि पाणी खेळतं, त्या मिटतात. दहाव्या खेपेपर्यंत त्या जागी मिटायला फारसं काही उरलेलं नसतं. म्हणजे बाजूने काढलेल्या प्रत्येक नव्या वाटेवर पहिल्या खेपेचं नुकसान पुन्हा पहिल्यापासून होतं. मी ते तिप्पट जागेत पसरवून ठेवलं. एरवी चाकोरी सोडणाऱ्याचं आपण कौतुक करतो, पण इथे चाकोरीतच राहायचं.

दुसरं, चर नाही म्हणजे नुकसान नाही, हेही मनातून काढून टाका. पूर्ण भिजलेल्या मातीच्या पोकळ्यांत पाणी असतं आणि पाणी दाबलं जात नाही, म्हणून ती माती कालवली जाते, बाजूला सरकते आणि चर पडतो. ते निदान डोळ्यांना दिसतं. पण वापशावरची माती, मुठीत धरली की गोळा होणारी पण पाणी न सोडणारी, तीच सगळ्यात जास्त दबते, आणि वरून काही कळत नाही. पाऊस उघडून दोन दिवस झाले, वर पापुद्रा धरला की काम सुरू करायला हात शिवशिवतात. नेमकं तेव्हाच खाली उतरा आणि मूठभर माती हातात घ्या.

वर्षभराने मी त्याच पट्ट्यात फावडं घेऊन गेलो. पाला बाजूला करून वीतभर खणलं. भुसभुशीत कण नव्हतेच, वहीची भिजलेली पानं दाबून वाळवावीत तसे आडवे थर होते. मध्ये राखाडी डाग आणि कुजक्या अंड्यासारखा वास. एका रोपाचं मूळ सरळ खाली येऊन त्या थरावर काटकोनात वळलं होतं. दहा पावलांवर, जिथे चाक गेलं नव्हतं, तिथे फावडं पाय न देता आत गेलं. चिकणमातीत हे भरून यायला दशकं लागतात.

घाबरून जाऊ नका. यातलं बरंच टाळता येतं आणि त्यासाठी फार मोठं कसब लागत नाही. यंत्र आत घालण्याआधी वाट चालून पाहा. मुख्य वाटा उंच, कोरड्या भागातून आखा, मग वळसा पडला तरी चालेल. ‘इथून मारलं तर दहा मिनिटं वाचतील’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. जो उस्ताद केबिनमधून कधी खाली उतरत नाही, त्याच्याकडून क्रेन शिका, जमीन शिकू नका.

सगळ्यात मोठा आधार फांद्या-शेंड्यांचा. हार्वेस्टर चालवणाऱ्याशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे तो फांद्या यंत्रासमोर, वाटेवरच पाडेल आणि ओल्या जागी जास्त टाकेल. हा थर दोन्ही बाजूंच्या चाकांखाली हवा. खेपांनी तो चुरडतो, म्हणून चिखल वर येण्याआधीच त्यात भर घाला. चिखल वर आल्यावर टाकलेल्या फांद्या नुसत्या गिळल्या जातात. त्यावर झटक्यात वळलात तर चाकं थर फाडून काढतात, तेव्हा वळण मोठं घ्या.

रिकामं यंत्र आधी टोकापर्यंत न्या आणि परत येताना भरत या. आतल्या ओल्या भागावर त्यामुळे कमी वजन पडतं. रुंद टायर, योग्य तेवढी कमी हवा, मागच्या बोगीवर, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या चाकांवर, गुंडाळलेले रुंद पट्ट्यांचे ट्रॅक यांनी वरचा दाब नक्की कमी होतो. पण माती किती खोलवर दबणार, हे मुख्यतः आसावरच्या एकूण वजनावर ठरतं. ट्रॅक लावले म्हणून चार ओंडके जास्त चढवलेत तर खालची माती ते भोगते.

आणि थांबायला शिका. नव्या माणसाला हे सगळ्यात जड जातं, कारण बंद यंत्राचे पैसे मिळत नाहीत. मलाही जड जायचं. पाऊस लागला की लगेच मुकादमाला कळवा, आणि कामासाठी जंगलाचा दुसरा कोरडा तुकडा हाताशी ठेवा. असा तुकडा आधीच राखून ठेवलेला असला की मन खूप हलकं राहतं.

चर पडलाच, तर ओल असताना तो बुजवायला जाऊ नका, आणखी कालवला जाईल. तो उताराच्या दिशेने असेल तर त्याच दिवशी फावड्याने आडवी नाळ काढून पाणी बाजूच्या पाल्यात सोडा, म्हणजे गाळ ओढ्यात जाणार नाही. बुजवायचं काम जमीन सुकल्यावर.