विद्यापीठात एकाच दिवशी चार मंच चालवायचे असतील तर

विद्यार्थ्यांचा कलामहोत्सव सादरीकरणामुळे क्वचितच रखडतो. उशीर होतो तो एक टीम उतरून दुसरी चढेपर्यंत, किंवा एका मंचावरचा माणूस दुसऱ्या मंचावर पोहोचेपर्यंत. म्हणून आखणीला बसलात की आधी हा मधला वेळ मोजा.

एकांकिकेला ३० मिनिटांची मर्यादा असेल तर वेळापत्रकात ४५ धरा: नेपथ्य लावायला १०, काढायला ५. म्हणजे तीन तासांत चारच एकांकिका बसतात. समूहनृत्याला ८ मिनिटं दिली असतील तर १२ धरा, एकल गायनाच्या ५ मिनिटांसाठी ८. शिवाय दर दीड-दोन तासांनी १५ मिनिटं कोरी सोडा. कार्यक्रम जवळ आला की ‘एवढा एकच आयटम घ्या ना’ म्हणणारे येतातच आणि त्यांचा डोळा नेमका याच पंधरा मिनिटांवर असतो. ती कुणालाही देऊ नका. दुपारी चार वाजता दिवस सावरायला तीच उपयोगी पडतात.

दुसरी अडचण एकाच मुलाची दोन ठिकाणी नावं असण्याची. सगळ्या टीमची यादी एकाच तक्त्यात भरा आणि नोंदणी क्रमांकानुसार लावा. नावानुसार लावली तर स्पेलिंगच्या फरकाने तोच मुलगा दोन वेगळी मुलं वाटतो. एक क्रमांक दोनदा आला की त्या दोन आयटममध्ये किमान ६० मिनिटं हवीत, कारण मेकअप उतरवणं, कपडे बदलणं आणि चालत जाणं यातच अर्धा-पाऊण तास जातो. साथीदारांचीही नावं घ्यायला विसरू नका. चांगला तबलावादक चार-पाच टीमना साथ करत असतो, पण तो ‘स्पर्धक’ नसल्याने यादीत येत नाही आणि ऐनवेळी सगळे त्याला शोधत फिरतात.

कुठला प्रकार कुठे ठेवायचा, हे आसनसंख्येपेक्षा अंधार आणि शांतता पाहून ठरवा. एकांकिकेला अंधार लागतो. खिडक्या झाकता येत नसतील तर दिवसा त्या सभागृहात नाटक ठेवू नका, प्रकाशयोजना वाया जाते. मूकनाट्य आणि एकल वादन आतल्या लहान दालनात घ्या. बँड आणि मोठी समूहनृत्यं बाहेर चालतात. मात्र दोन खुले मंच एकमेकांकडे तोंड करून कधीच उभारू नका. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, पण ढोल आणि बेसचा खालचा आवाज इमारतींना वळसा घालून मागेही पोहोचतो. त्यामुळे मंच पाठीला पाठ ठेवूनही भागत नाही. एकावर सादरीकरण चालू असेल तेव्हा दुसऱ्यावर सेट लागत असेल, अशी वेळ जुळवा.

मंचांमधलं अंतर नकाशावर मोजू नका, चालून पाहा. मोकळ्या हाताने माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर जातो. हातात नेपथ्य आणि वाटेत जिना असला की वेळ दुप्पट धरा.

टीमकडून तांत्रिक माहितीचा अर्ज महोत्सवाच्या दहा दिवस आधी घ्या. माणसं किती, बसून की उभी, माइक किती, ट्रॅक (आधी रेकॉर्ड केलेलं संगीत) आहे का, नेपथ्यात काय, प्रकाशाचे बदल किती, आणि जागांचा आराखडा. या आराखड्यात ‘उजवीकडे’ हा शब्द घोटाळा करतो. रंगमंचाच्या भाषेत उजवी बाजू नटाची, पण नवखी मुलं प्रेक्षकाची धरतात. अर्जावर ‘प्रेक्षकांच्या उजवीकडे’ असंच छापून टाका.

आता प्रत्यक्ष बदल. समूहनृत्य संपतंय आणि पुढे सहा गायक, एक तबला, एक पेटी आहे असं समजा. नृत्य सुरू होण्याआधीच गायकांची टीम विंगेत हजर हवी, तबला जुळवलेला हवा. एसी दालनातून उकाड्यात आणलेल्या तबल्याचा सूर उतरतो, म्हणून तबला आधीच मंचाजवळ आणून ठेवा. नृत्य संपताच नर्तक एकाच विंगेतून बाहेर आणि गायक दुसऱ्या विंगेतून आत. दोन्ही टीम एका दाराने गेल्या तर दोन मिनिटं तिथेच जातात. एक स्वयंसेवक फरशी पुसतो, कारण घुंगराचा मणी किंवा सुटलेली पिन पुढच्या अनवाणी पायात जाते. दोघे माइक स्टँड आणतात. स्टँडच्या जागा फरशीवर रंगीत टेपने आधीच आखलेल्या असाव्यात, समूहगायनाला पिवळी, एकल गायनाला निळी. ध्वनिसंयोजक प्रत्येक चॅनलवर एकेक शब्द ऐकतो, मंचप्रमुख हात वर करतो आणि निवेदक बोलू लागतो. चार मिनिटांत हे सहज होतं, फक्त कुणी काय उचलायचं ते नावानिशी ठरलेलं हवं. ‘सगळ्यांनी मदत करा’ म्हटलं की कुणीच माइक उचलत नाही.

विजेचा हिशेब इलेक्ट्रिशियनसोबत बसून करा. १००० वॅटचे १२ दिवे म्हणजे १२ किलोवॅट, २३० व्होल्टवर जवळजवळ ५२ अँपिअर. वर्गातलं १६ अँपिअरचं सॉकेट असले तीनच दिवे पेलतं. ध्वनी आणि डिमर वेगळ्या सर्किटवर ठेवा, नाहीतर दिवे मंद करताना स्पीकरमधून घरघर येते. रिळावरची वायर वापरायची तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरमध्ये उष्णता कोंडते आणि आवरण वितळू शकतं.

वायरलेस माइकचा तक्ता चारही मंचांचा मिळून एकच करा. शेजारच्या दोन दालनांत एकच फ्रिक्वेन्सी लागली तर एकीकडचे संवाद दुसरीकडच्या गाण्यात ऐकू येतात. प्रत्येक सत्रापूर्वी बॅटऱ्या नव्या घाला, अर्ध्या वापरलेल्या पुन्हा नको. स्पीकरमधून शिट्टी वाजू लागली की आवाज कमी करण्याआधी गायकाचा हात पाहा. माइकची जाळी मुठीत धरली की तो चहूबाजूंचा आवाज ओढतो आणि शिट्टी येते.

ट्रॅक आदल्या दिवशीच जमा करून घ्या, फाइलच्या नावात क्रमांक आधी: ‘०७_समूहनृत्य’. दोन लॅपटॉपवर प्रती ठेवा आणि प्रत्येक ट्रॅकची पहिली आणि शेवटची दहा सेकंदं वाजवून पाहा. अर्धवट डाउनलोड झालेली फाइल शेवटालाच दगा देते. मोबाइलवरून किंवा इंटरनेटवरून थेट काहीही वाजवू देऊ नका. रिंग वाजली की त्या टीमची महिनाभराची मेहनत पाण्यात.

वेळ कधी सुरू होते, हे नियमातच लिहा: पहिला सूर, पहिला संवाद किंवा पहिला प्रकाश, यांतलं जे आधी येईल ते. चारही मंचांवर एकाच पद्धतीने मोजा. शेवटचा एक मिनिट उरला की विंगेतून दिवा दाखवा. घंटा नाटकात घुसते.

बाहेरच्या मंचाचा मोठा बॅनर वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि अख्खी चौकट ओढतो. तिथे जाळीचं कापड वापरा. पावसाची शक्यता असेल तर आत हलवायचं की नाही याचा निर्णय कार्यक्रमाच्या तीन तास आधी घ्या, आणि तो एकाच माणसाने घ्यावा. वेळापत्रकातला कुठलाही बदलही त्याच माणसाकडून यावा. चार मंचप्रमुख आपापल्या सोयीने बदल करू लागले की ग्रीनरूमच्या दारावर तीन वेगवेगळी वेळापत्रकं लागतात.

परीक्षकांची गुणपत्रिका प्रत्येक सादरीकरणानंतर लगेच उचला आणि दोघांनी वेगवेगळी बेरीज करा. सत्राच्या शेवटी एकदम गोळा केल्या तर रकाने राहून गेलेले असतात आणि परीक्षक निघून गेलेले असतात.