लघवीचा रिपोर्ट मूत्रपिंडाच्या वाटेने कसा वाचावा

‘युरिन रुटीन’चा कागद हातात आला की आपली नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. तो दिसला की धास्ती, नाही दिसला की कागद फायलीत. त्यापेक्षा रक्त मूत्रपिंडात ज्या क्रमाने गाळलं जातं, त्याच क्रमाने रिपोर्ट वाचून पाहा. कोणती ओळ कुठल्या टप्प्याची खबर देते ते कळतं आणि डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता येतो. निदान अर्थात त्यांनीच करायचं.

१. सॅम्पल नीट द्या

शक्यतो सकाळची पहिली लघवी घ्या. सुरुवातीची धार सोडून मधली बाटलीत धरा आणि तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. बाटली तशीच पडून राहिली तर जंतू वाढतात, पेशी फुटतात. पाळी चालू असेल तर चाचणी पुढे ढकला, ते जमणार नसेल तर लॅबमध्ये तसं सांगा. रिपोर्टमध्ये ‘एपिथेलियल सेल्स’ भरपूर असतील तर बहुधा बाहेरच्या त्वचेच्या पेशी बाटलीत उतरल्या आहेत. अशा वेळी पस सेल्स वाढलेल्या दिसल्या, (संसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी), तरी औषधाआधी दुसरं सॅम्पल देण्याबद्दल विचारावं.

२. चाळणी तपासा: अल्ब्युमिन आणि आरबीसी

हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं आणि त्यातलं एक-सव्वा लिटर एकट्या मूत्रपिंडांच्या वाट्याला येतं. एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात. प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुंता असतो, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. हीच चाळणी. रक्तदाबाच्या जोराने तिथून पाणी, क्षार, साखर, युरिया, क्रिएटिनिन (ही दोन्ही शरीराला नकोशी टाकाऊ द्रव्यं) असं सगळं बारीकसारीक बाहेर पडतं. रक्तपेशी आणि अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनं मागे राहतात.

म्हणून अल्ब्युमिनपुढे ‘निल’ हवं. ताप किंवा दमवणारा व्यायाम झाला असेल तर ‘ट्रेस’ येऊ शकतं आणि ते ओसरतंही. पुन्हा पुन्हा ‘प्लस’ येत असेल तर चाळणीची भोकं सैल झाल्याची शंका घ्यावी लागते. इथे एक मोठी पळवाट आहे: अगदी थोडी गळती साध्या पट्टीला दिसत नाही. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी ‘निल’ पाहून निर्धास्त होऊ नये. लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण, म्हणजे एसीआर, वर्षातून एकदा तपासून घ्यावं. ते ग्रॅमला ३० मिलिग्रॅमच्या खाली असावं. माझ्या मते या सगळ्या कागदांतली सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित चाचणी हीच. बिघाड वेळेत पकडायचा तो इथे.

आरबीसी म्हणजे तांबड्या पेशी दिसल्या तर दोष चाळणीचाच असतो असं नाही. मुतखडा, संसर्ग किंवा मूत्राशयातला आजार, काहीही असू शकतं. पण आरबीसी आणि अल्ब्युमिन दोन्ही असतील तर लवकर दाखवा.

३. परत घेण्याचं काम पाहा: साखर

दिवसभरात गाळला जाणारा द्रव भरतो तब्बल १८० लिटर, आणि लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं ग्लोमेरुलसपुढच्या बारीक नलिका परत रक्तात घेतात. फडताळ आवरताना आपण सगळं बाहेर काढतो आणि हवं तेवढंच आत ठेवतो, तसा हा प्रकार. नको ते शोधत बसण्यापेक्षा ही रीत सोपी पडते.

साखर नलिकेच्या पहिल्याच भागात परत घेतली जाते. रक्तातली साखर डेसिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की नलिकेला ती आवरत नाही, मग ती लघवीत उतरते. गरोदरपणात ही मर्यादा खाली येते. आणि मधुमेहात दिली जाणारी डापाग्लिफ्लोझिन किंवा त्या गटातली गोळी चालू असेल तर लघवीत साखर येणारच, कारण गोळीचं कामच ते आहे. साखरेसाठी लघवीवर विसंबू नका, रक्त तपासा.

४. पाण्याचा हिशेब: स्पेसिफिक ग्रॅव्हिटी

शेवटच्या टप्प्यात किती पाणी राखायचं ते मेंदूकडून येणारं एडीएच हे संप्रेरक ठरवतं. उन्हातून आलात, पाणी कमी प्यायलं, की स्पेसिफिक ग्रॅव्हिटीचा, म्हणजे लघवी पाण्यापेक्षा किती दाट आहे ते सांगणारा, आकडा १.०३० कडे सरकतो. भरपूर पाणी प्यायल्यावर तो १.००५ च्या आसपास येतो. हा आकडा वरखाली होणं चांगलंच. दर वेळी १.०१० लाच अडकलेला असेल तर नलिकांची ताकद कमी झाली असावी.

रंगाचं फार मनावर घेऊ नका. बी-कॉम्प्लेक्सने लघवी गर्द पिवळी होते, बिटाने लालसर.

५. आता रक्ताचा रिपोर्ट शेजारी ठेवा

क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, म्हणून नुसता आकडा फसवतो. १.१ हा आकडा २५ वर्षांच्या तरुणाचा असेल तर ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं किती वेगाने रक्त गाळतात त्याचा अंदाज, येतो ९५ च्या आसपास. ७५ वर्षांच्या आजींचा असेल तर जेमतेम ५२. लॅबच्या चौकटीत मात्र दोघंही ‘नॉर्मल’ दिसू शकतात. ईजीएफआर छापलेला नसेल तर मागून घ्या. तीन महिन्यांहून जास्त काळ तो ६० च्या खाली राहिला, तर तो जुनाट मूत्रपिंडविकार धरला जातो.

डॉक्टरांकडे जाताना जुने रिपोर्ट आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही त्यात लिहा. त्यांतल्या बऱ्याच गोळ्या ग्लोमेरुलसकडे रक्त नेणारी वाहिनी आकसवतात. लघवी एकदम कमी झाली, पाय-चेहरा सुजला किंवा लघवीतून रक्त दिसलं, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.