बांधकाम परवानगी प्रणालीतील लॉगिन आणि रोल: तांत्रिक कक्षात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

महानगरपालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या ऑनलाइन बांधकाम परवानगीचे काम पाहणाऱ्या तांत्रिक कक्षात नव्याने रुजू होणाऱ्याला वाटते की आपल्याला नकाशांची छाननी, एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) आणि नियमावली यांतच डोके घालावे लागेल. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात येणारे बहुतेक फोन ‘साहेबांचे लॉगिन होत नाही’ आणि ‘फाइल कोणाच्या लॉगिनला अडकली आहे’ या दोन प्रकारचे असतात. प्रणाली बीपीएमएस (इमारत आराखडा व्यवस्थापन प्रणाली) असो वा ऑटोडीसीआर या नकाशे नियमांशी आपोआप पडताळणाऱ्या सॉफ्टवेअरवर आधारलेली, स्क्रीन वेगळ्या असतात. खात्यांचे आणि रोलचे (म्हणजे कोणाला प्रणालीत काय करता येते याचे) प्रश्न मात्र मी सगळीकडे सारखेच पाहिले आहेत.

त्यामुळे यूजर मास्टर, म्हणजे वापरकर्त्यांच्या खात्यांची नोंदवही, उघडण्याआधी आस्थापना विभागातून आणि नगररचना विभागातून दोन गोष्टी मागून घ्याव्यात: सध्या कार्यरत असलेल्यांची पदनिहाय यादी आणि अधिकार प्रदान करण्याचे आदेश. अर्ज मालकाच्या वतीने वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता दाखल करतो, कनिष्ठ अभियंता स्थळपाहणी करतो, त्यानंतर प्रकरण नगररचनेतील वरिष्ठांकडे आणि शेवटी आयुक्तांकडे किंवा मुख्याधिकाऱ्यांकडे जाते, हा ढोबळ मार्ग सर्वांना ठाऊक असतो. पण किती क्षेत्राच्या भूखंडापर्यंत किंवा किती उंचीच्या इमारतीपर्यंत मंजुरीचा अधिकार कोणत्या पदाला दिलेला आहे, हे त्या आदेशातच असते, आणि रोल मास्टरमधील प्रत्येक टिकमार्कला त्या आदेशाचा आधार असला पाहिजे. ‘पूर्वीपासून असेच आहे’ हा आधार नव्हे.

या कामात एक गोष्ट पक्की धरावी: खाते व्यक्तीचे असते आणि रोल पदाचा असतो. जुन्या काळी उभारलेल्या अनेक प्रणालींत ‘जेई झोन दोन’ किंवा ‘टीपी एक’ अशी पदाच्या नावाची खाती आढळतात, आणि पदभार देताना कपाटाच्या किल्ल्यांबरोबर पासवर्डही हातोहात दिला जातो. हे सोयीचे वाटते, परंतु चार वर्षांनी एखाद्या भोगवटा प्रमाणपत्रावर वाद उभा राहिला, तर त्या दिवशी त्या खुर्चीत कोण होते हे प्रणाली सांगू शकत नाही. म्हणून कर्मचारी क्रमांकावर आधारित एकच खाते प्रत्येकाला द्यावे, त्याला रोल आणि प्रभाग जोडावा, आणि त्या जोडणीला आरंभाची व शेवटची तारीख असावी.

या तत्त्वाची खरी कसोटी बदल्यांच्या हंगामात लागते. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांबाबतच्या 2005 च्या अधिनियमानुसार बदल्या सर्वसाधारणपणे एप्रिल किंवा मे महिन्यात होतात, आणि मुख्याधिकारी किंवा नगररचनाकार यांच्यासारखे अधिकारी राज्य सेवेतून येत असल्यामुळे मे-जूनमध्ये यूजर मास्टरचे काम एकदम वाढते. कार्यमुक्तीचा आदेश हाती आला की आधी त्या अधिकाऱ्याच्या लॉगिनमधील प्रलंबित प्रकरणांची यादी काढावी, ती प्रकरणे आदेशात नमूद केलेल्या व्यक्तीकडे वर्ग करावीत, मग जुन्या जोडणीवर शेवटची तारीख घालावी आणि त्यानंतरच खाते निष्क्रिय करावे. हा क्रम उलटला तर खाते बंद होते आणि फाइल आतच राहते. ती ना कोणाच्या यादीत दिसते, ना कोणी तिची चौकशी करते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 45 नुसार 60 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमांशी सुसंगत असलेल्या प्रस्तावाला परवानगी मिळाल्याचे मानले जाते, आणि अधिकाऱ्याची बदली झाली म्हणून ती मुदत थांबत नाही. खाते कायमचे डिलीट करण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा, कारण त्याने जुन्या शेऱ्यांसमोरचे नावच पुसले जाण्याची शक्यता असते.

या सगळ्या हालचाली बऱ्याचदा फोनवरून सांगितल्या जातात. वरिष्ठांना थेट नकार देणे नवख्याला जड जाते आणि तशी गरजही नसते. ‘साहेब, दोन ओळींचा ई-मेल टाकायला सांगा, तोवर मी स्क्रीन उघडून ठेवतो,’ एवढे नम्रपणे म्हटले की बहुतेक वेळा काम भागते, आणि नोंदीत लावायला कागदही मिळतो.

अतिरिक्त कार्यभार हे त्याहून नाजूक प्रकरण आहे. लहान नगरपंचायतीत छाननी करणारा आणि त्यावरचा तपासणारा असे दोन्ही कार्यभार एकाच माणसाकडे येणे नवलाचे नाही. अशा वेळी दोन्ही रोल एकाच खात्याला जोडले तर तोच माणूस सकाळी शिफारस करतो आणि दुपारी तीच शिफारस तपासतो, आणि प्रणालीला त्यात काहीही वावगे दिसत नाही. माझ्या मते तेवढ्या काळापुरता तपासणीचा टप्पा आदेशान्वये वरच्या अधिकाऱ्याकडे न्यावा. तो टप्पा आपोआप पुढे सरकावा अशी व्यवस्था सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या विक्रेत्याकडून करून घेणे सर्वांत वाईट, कारण कार्यभार संपला तरी ती व्यवस्था तशीच राहते.

लॉगिननंतरचा दुसरा मोठा विषय डिजिटल स्वाक्षरीचा, म्हणजे कार्यालयीन भाषेत डोंगलचा (स्वाक्षरी साठवलेल्या यूएसबी उपकरणाचा). 1 जानेवारी 2021 पासून वर्ग दोनची प्रमाणपत्रे देणे बंद झाल्याने आता वर्ग तीनचेच प्रमाणपत्र घ्यावे लागते. प्रमाणपत्रावरील नाव आणि यूजर मास्टरमधील नाव यांत एखाद्या अक्षराचा फरक असला तरी काही प्रणालींत स्वाक्षरी उमटत नाही, म्हणून नोंदणी करताना नाव ऐकून टंकण्याऐवजी प्रमाणपत्र उघडून तिथले नाव पाहावे. ज्या प्रमाणपत्रात संस्थेचे नाव आहे, ते अधिकारी दुसरीकडे गेल्यावर रद्द करून घ्यावे. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी संबंधितांना कळवावे, नाहीतर प्रारंभ प्रमाणपत्रांचा ढीग साचल्यावर सगळे तुमच्या टेबलाशी येतात. आणि डोंगल लिपिकाच्या खणात, त्याला रबरबँडने बांधलेल्या चिठ्ठीवर पिन, हे दृश्य दिसले तर ते नजरेआड करू नये. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 42 नुसार स्वाक्षरीची खासगी कळ आपल्या ताब्यात ठेवण्याची काळजी ज्याची त्याने घ्यायची असते, आणि दुसऱ्याची स्वाक्षरी किंवा पासवर्ड लबाडीने वापरल्यास कलम 66-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे साहेबांना ऐकवण्यापेक्षा विभागप्रमुखांच्या सहीने परिपत्रक काढून घेणे बरे.

ओटीपीसाठी नोंदवलेला मोबाइल क्रमांकही याच वेळी तपासावा. तो अनेकदा कधीच बदलून गेलेल्या स्वीय सहायकाचा निघतो.

बाहेरच्या वापरकर्त्यांबाबत नियम सोपे आहेत, पण पाळताना कंटाळा येतो. वास्तुविशारदाची वास्तुकला परिषदेकडील नोंदणी आणि अभियंत्याचा परवाना यांची मुदत खात्यात नोंदवलेली असावी व ती संपताच नवीन अर्ज दाखल करण्याची सोय आपोआप थांबावी; जुनी प्रकरणे पाहण्याची मुभा मात्र राहू द्यावी. प्रकरणाचा वास्तुविशारद बदलायचा झाल्यास मालकाचे लेखी पत्र घेतल्याशिवाय ते प्रकरण दुसऱ्या लॉगिनला जोडू नये, कारण यात मानधनाचे तंटे दडलेले असतात आणि त्यात आपण पक्षकार होऊ नये. अग्निशमन, वृक्ष प्राधिकरण, पाणीपुरवठा यांना आपापल्या अभिप्रायापुरताच रोल पुरतो.

विक्रेत्याच्या लोकांकडे असलेली सुपर ॲडमिन (सर्वाधिकार असलेली) खाती मात्र दर महिन्याला स्वतः मोजावीत. कंपनीचा मुलगा नोकरी सोडून जातो, त्याचे खाते चालूच राहते, आणि तुमच्या आस्थापना विभागाला त्याचे नावही माहीत नसते. त्या महिन्याच्या पडताळणीत यूजर मास्टरची यादी आस्थापनेच्या यादीशी आणि विक्रेत्याच्या यादीशी ताडून पाहावी, आणि तिन्हींवर संबंधितांच्या सह्या घ्याव्यात. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग 180 दिवस जपायचे असतात. विक्रेते हाच आकडा सांगून प्रकरणांवरील शेरे व मंजुरीच्या नोंदीही तेवढ्याच काळाने साफ करू पाहतात. त्या नोंदी सर्व्हरचे लॉग नसून कार्यालयाचे अभिलेख आहेत आणि त्यांना अभिलेख जतनाची मुदत लागू होते, हे करारातच लिहून घ्यावे.