डोमेनमधल्या सगळ्या पीसींचं विंडोज आपोआप अ‍ॅक्टिव्हेट कसं करायचं

व्हॉल्यूम लायसन्स (अनेक पीसींसाठी एकत्र घेतलेलं लायसन्स) घेतलंय, डोमेन (ऑफिसचे सगळे पीसी मध्यवर्ती सर्व्हरवरून सांभाळायची व्यवस्था) आहे, तरी प्रत्येक पीसीपुढे बसून की टाकताय? गरज नाही. रस्ते दोन: केएमएस (की मॅनेजमेंट सर्व्हिस, म्हणजे नेटवर्कमधला एक होस्ट सर्व्हर बाकीच्यांना अ‍ॅक्टिव्हेट करतो) किंवा थेट अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीवरून (डोमेनमधल्या पीसी-युजर्सची नोंद ठेवणारा डेटाबेस) अ‍ॅक्टिव्हेशन. मशीनं विंडोज 8 किंवा पुढची असतील तर मी म्हणेन दुसराच धरा. केएमएस होस्टकडे किमान 25 पीसी (सर्व्हर असतील तर 5) आल्याशिवाय तो एकालाही अ‍ॅक्टिव्हेट करत नाही, त्यात क्लोन केलेले पीसी सिसप्रेप (क्लोन करण्याआधी पीसीची स्वतःची ओळख पुसणारं विंडोजचं टूल) न करता वाटले असतील तर सगळ्यांचा क्लायंट आयडी (होस्ट ज्यावरून पीसी मोजतो तो नंबर) एकच, मग पन्नास पीसी लावले तरी काउंट हलत नाही आणि माणूस उगाच फायरवॉल तपासत बसतो. डिरेक्टरीत ही काउंटची भानगडच नाही.

आधी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा स्कीमा (डेटाबेसची रचना) सर्व्हर 2012 किंवा वरच्या लेव्हलचा आहे ना ते बघा. मग सर्व्हर मॅनेजरमधून व्हॉल्यूम अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हिसेस हा रोल टाका, एंटरप्राइज अ‍ॅडमिनने लॉगिन करून त्याचं टूल उघडा, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा पर्याय निवडा आणि केएमएस होस्ट की टाका (नाव केएमएसचं असलं तरी इथेही तीच लागते). ऑनलाइन अ‍ॅक्टिव्हेट करा, नेट नसेल तर टूलमधला फोनचा पर्याय निवडा. यातून डिरेक्टरीत अ‍ॅक्टिव्हेशनची नोंद (ऑब्जेक्ट) बनते; ती एकदा तयार झाली की अख्ख्या फॉरेस्टला (एकत्र जोडलेल्या सगळ्या डोमेनना) लागू, तो सर्व्हर नंतर बंद केला तरी चालतं.

आता क्लायंट, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेट करायचे पीसी. व्हॉल्यूम मीडियावरून (व्हॉल्यूम लायसन्सची इन्स्टॉल फाइल) इन्स्टॉल केलं असेल तर जेनेरिक की (सगळ्यांना सारखीच असलेली की) आधीच असते, नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवर व्हर्जनप्रमाणे दिलेली असते ती अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर स्लॅश आयपीके (slmgr /ipk आणि पुढे की) ने टाका. होस्ट की मात्र चुकूनही क्लायंटवर टाकू नका, तो पीसी स्वतःच केएमएस होस्ट व्हायला बघतो आणि ती की मोजक्याच मशीनवर चालते. मग पीसी रीस्टार्ट करा, घाई असेल तर स्लॅश एटीओ (slmgr /ato) चालवा. स्लॅश डीएलव्ही (slmgr /dlv) मारल्यावर डिरेक्टरीतल्या ऑब्जेक्टचं नाव दिसलं म्हणजे काम झालं.

हे अ‍ॅक्टिव्हेशन 180 दिवस टिकतं आणि पीसी डोमेनच्या संपर्कात असला की मुदत आपोआप वाढत राहते. फिल्डवरचे लॅपटॉप अधूनमधून व्हीपीएनवर येऊ द्या, सहा महिने येणारच नसतील तर त्यांना सरळ एमएके की (मल्टिपल अ‍ॅक्टिव्हेशन की, जी एकदा टाकली की पुन्हा डोमेनला जोडायची गरज नाही) द्या.